मागच्या पानावरची घरं

मुलीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर
मी घरं लिहिते.
उत्तमनगर, दुसरा मजला, साडेआठ हजार, पाणी एक वेळ.
पाथर्डी फाटा, नवी बिल्डिंग, लिफ्ट अजून यायचीय,
भाडं मात्र लिफ्टसकट.
म्हसरूळ. फोन उचलत नाहीत.

पुढून तिचे लसावि, मसावि.
मागून माझे.

तीस तारखेला खोली सोडायची आहे.
बोरस्तेकाका वाईट नाहीत.
चार वर्षांत भाड्यासाठी एकदाही दारात उभे राहिले नाहीत.
फक्त आता त्यांना सिंहस्थ दिसायला लागलाय.
"ताई, एवढ्या जागेत सहा गाद्या बसतात,"
माझ्या स्वयंपाकघराकडे बघत ते म्हणाले,
आणि मी नकळत बाजूला सरकले,
जणू सातवी माझ्याच पायाखाली होती.

पहिली पाळी सुटली की सातपूरहून थेट.
पुढे दगूभाऊ एजंट त्यांच्या गाडीवर,
मागे मी माझ्या.
वळताना ते हात दाखवत नाहीत.
घर दाखवताना मात्र दोन्ही.

"मिस्टर?"
"वेगळे राहतात."
"मग येणंजाणं कोणाचं असेल?"
"दूधवाल्याचं."
हे बोलायला नको होतं.
इंदिरानगर तिथेच गेलं.

कामटवाड्यात आडनाव विचारलं.
आडनावावरून काही कळेना,
तेव्हा गाव विचारलं.
गावावरूनही कळेना,
तेव्हा म्हणाल्या, देवघरात फोटो कोणाकोणाचे?
आणि हसल्या, "सहज हो."
वहीत त्या घरापुढे मी एवढंच लिहिलं: सहज.

जेलरोडला सगळं जमलं होतं.
टोकन द्यायला पर्स उघडली
तर मालकांना फोन आला, कोणी हजार जास्त देत होतं.
पर्सची चेन लावताना एवढा आवाज होतो
हे मला माहीत नव्हतं.

काल अशोकनगर.
पर्णकुटी अपार्टमेंट, बी विंग.
जिना चढताना दगूभाऊ म्हणाले,
"रामरायाला नाशकात जागा मिळाली, तुम्हाला नाही मिळणार?"
म्हटलं, त्यांच्याकडे बांधायला भाऊ होता.

दार उघडलं ते कणकेच्या हातांनी.
आत अजून माणसं राहत होती.
दोरीवर शाळेचे मोजे,
खोक्यांवर स्केचपेननं: भांडी. पुस्तकं. कुकर वेगळा.
मी तिचा ओटा वितीनं मोजला. सव्वासात.
ती बघत राहिली, तव्यावर पोळी तशीच.
गॅलरीत दगूभाऊ फोनवर
दुसऱ्या पार्टीला सहाची वेळ देत होते.

"तुम्ही सोडताय," ती हळूच म्हणाली,
"ती खोली कितीला होती?"

मी सांगितलं. गाद्यांचंही सांगितलं.
"आम्हाला म्हणाले, चौघं फार होतात."

मग न विचारताच तिनं दिलं:
पाणी पाच चाळीसला येतं, सहानंतर धार बारीक.
आतल्या खिडकीची कडी जरा उचलून लावायची.
खालच्या शिंपीणबाई चांगल्या,
मुलगी एकटी असली की लक्ष ठेवतात.
करारात हे कधी लिहीत नाहीत.

मी वही काढली.
उत्तमनगर: एकटी बाई नको म्हणाले,
तुम्ही दोघं आहात, तुम्हाला देतील.
इंदिरानगर: हवेशीर आहे,
दूधवाल्याचं नाव काढू नका.
ती हसली आणि पोळी जळाली.

पान उभं फाडलं, अर्धं तिला.
फाडताना पाठीमागचं एक गणितही तिच्याकडे गेलं.

रात्री मुलगी विचारते,
आई, माझं सातवं उदाहरण कुठंय?
पर्णकुटीत, म्हटलं. बी विंग.

सहाची पार्टी आली होती का,
दगूभाऊंनी अजून कळवलेलं नाही.